रांगेत अडकलेलं निमंत्रण

५ जुलै
दौंडहून ब्लेसनचा फोन. "फेथ, बग परत आला!" सलाम नाही, जेवलीस का नाही. सरळ बग!

शिरूर आणि दौंडच्या आमच्या दोन्ही चर्चच्या मंडळ्यांची मेल, कॅलेंडर, गायनाच्या सरावाच्या वेळा, सगळं एकाच मोफत प्रणालीवर चालतं. जगभरातली हौशी माणसं ती लिहितात, दुरुस्त करतात. त्यात शेपटाला आम्ही दोघं, शिरूरची मी आणि दौंडचा ब्लेसन. बग असा: कार्यक्रमाचं नाव मराठीत आणि पाहुणे भरपूर असले, की निमंत्रण कुणाला जातच नाही. सर्व्हर म्हणतो "पाठवलं", आणि रांगेत दाबून ठेवतो. म्हणून आमच्या वनभोजनाचं नावसुद्धा इंग्रजीत!

८ जुलै
पप्पांनी पुन्हा नगरचं स्थळ काढलं. "मुलगा बँकेत हाय." असू दे की बँकेत! महिनाअखेर उत्तर द्यायचंय म्हणे.

१२ जुलै
ब्लेसन एसटीने आला. संडे स्कूलच्या खोलीत लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो आणि दिवसभर बग शोधला. दुपारी स्टँडवर मिसळ. "तिखट लागतंय का गं? दही सांगू?" बगशिवायचं हे त्याचं पहिलं वाक्य. मी दोन वाट्या दही खाल्लं.

मला तो आवडतो. लिहून टाकलं एकदाचं. त्याला सांगायची हिंमत नाही. त्याच्या मनात काही असेल असं वाटतही नाही.

१५ जुलै
ब्लेसन फोनवर म्हणाला, "तुझ्याकडनं बी एक निमंत्रण अडकवून बघ. मोठा गट घे, तवाच अडकतंय." मोठा गट म्हणजे दोन्ही मंडळ्या. आता कार्यक्रमाला नाव काय द्यायचं? नेहमी "चाचणी एक, चाचणी दोन" लिहिते. आज काय अंगात आलं कुणास ठाऊक. लिहिलं — "फेथ आणि ब्लेसन यांचा साखरपुडा. रविवार २७ जुलै, उपासनेनंतर." आणि दिलं पाठवून! जात तर नाहीच, मग भीती कसली?

अडकलं. अगदी ठरल्याप्रमाणे. कॅलेंडरवर ती ओळ बघत बसले. पुसायला हात होईना. राहू दे दोन दिवस.

१९ जुलै
घेतला! बगवरचा आमचा बदल मूळ प्रणालीत घेतला! तीनदा परत पाठवणाऱ्या जर्मन परीक्षकाने चक्क "सुंदर" लिहिलं. आमची दोघांची नावं एका ओळीत, जगजाहीर. ब्लेसनने लगेच आपल्या सर्व्हरवरही चढवला. मेसेज आला, "आता जुनी रांग बी मोकळी व्हईल." मी नाचतच उत्तर दिलं, "होऊ दे!"

२० जुलै
देवा!

चर्चच्या दारातच डायनाआत्या. पप्पांची मावसबहीण, आख्ख्या मंडळीची बातमीदार. "पोरी, आम्हाला कवा सांगणार व्हतीस?" मला कळेना. तिने मोबाईल पुढे धरला. त्यावर माझंच ते साखरपुड्याचं निमंत्रण! पाळकसाहेबांनी हसून हात हातात घेतला. गायनवाल्या मुली खिदळत होत्या. उपासनेत काय झालं, मला विचारू नका.

घरी आलो. पप्पा चप्पल काढता काढता म्हणाले, "मग नगरवाल्यांना काय सांगू?"

मी स्वयंपाकघरात पळाले. लाज वाटते आहे, रडू येतंय, आणि खोटं कशाला बोलू, मधेच हसूही येतंय. ब्लेसनचे फोन येतायत, उचलले नाहीत. शेवटी त्याचा मेसेज: "फेथ, हा बग न्हाई ना?"

भात करपला. मी लिहिलं, "नाही."



२१ जुलै
दौंडहून कॅलेंडरवर त्या निमंत्रणाला उत्तर आलं. ब्लेसन : येणार. शेरा : आईबाबांना घेऊन.