बंद दारातला पेंटेकॉस्ट

शांताच्या बापास,
चौसाळ्याहून सारजाचा सलाम.

आईच्या मातीला आले, ती इथंच अडकले. गहिनीनाथदादानं मला धान्याच्या खोलीत घालून बाहेरून कुलूप लावलंय. म्हणतो, "येशूला सोडलं म्हण, मग दार उघडतो. न्हाई तर हितंच मर."

आज पेंटेकॉस्टचा रविवार, शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो दिवस. तुम्ही शांताला घेऊन नगरच्या देवळात मंडळीबरोबर उपासनेला बसला असाल. मीही इथं कणग्यांच्या मधे गुडघे टेकले आणि मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. आपल्या मंडळीसाठी मागितलं, लढाईवर गेलेल्या शिपायांसाठी मागितलं, साऱ्या जगासाठी मागितलं. दादाचं नाव मात्र तोंडातून निघेना.

तेवढ्यात दाराबाहेरून छबूवहिनी हळूच म्हणाली, "वन्सं, माझं बी नाव घ्या की."

"तुमच्यासाठी काय मागू, वहिनी?"

"मला न्हाई ठावं. लहानपणी या घरात आलते. माहेराला सुदिक धाडत न्हाईत."

"मग दार उघडा. दोघी जाऊ."

"ते जीव घेतील माझा," म्हणाली आणि रडायला लागली.

मी दाराला कपाळ टेकवून तिच्यासाठी मागितलं. मग दादाचंही नाव घेतलं. ते घेताना मला लई राग येत होता, तरी घेतलं. शेवटी मी आमेन म्हणाले, आणि बाहेरून वहिनीही म्हणाली.

हे पत्र न्यायला कुणी नाही. तरी तुम्हाला सांगावंसं वाटलं. इथं आता दोघींची मंडळी झाली आहे, आणि मधे बंद दार आहे.

तुमची वाट पाहणारी,
सारजा