चौथ्या ओळीतली हरणं

बाबा,

मी मॅडिसनच्या बाजाराला चाललेय, दुपारी येईन. चौथ्या ओळीत हरणं शिरत नाहीत, हे आज कळलं मला.

दोन महिने रोज सकाळी पाच ओळींतल्या पाच जातींचे चेरी टोमॅटो तोडून, तोलून वहीत लिहितेय. चौथी, नारिंगी जात सगळ्यांत कमी पिकते म्हणून कालच ती बाद केली. मिल्ड्रेडमावशीलाही फोन करून सांगितलं, ही लावू नकोस. आणि आज खिडकीतून बघते तर काय, तुम्ही स्लिपर घालून त्याच ओळीत उभे, तोंड भरलेलं! वर आत येऊन मलाच विचारता, "हरणांनी फार नासधूस केली का गं?" हरणं देठ इतके नीट झाडावर ठेवतात होय?

केमो सुरू झाल्यापासून माझ्या हातचं काही खात नाही तुम्ही. सगळं पत्रा चाटल्यासारखं लागतं म्हणता. काल खिम्याच्या मीटलोफला हातसुद्धा लावला नाहीत.

वजनकाटा फाटकाला टांगलाय. हवे तितके खा, पण आधी तोला. त्या जातीच्या उत्पन्नाचे सगळे आकडे मी खोडलेत. चवीच्या रकान्यात दहापैकी दहा लिहिलेत.

डार्लीन