वाट विचारायला कोणी थांबत नाही

आई, पाथर्डी रोडवरच्या तुझ्या पत्र्याच्या हॉटेलावर आता वाट विचारायला कोणी थांबत नाही. मी शाळकरी असताना एका जीपवाल्याला भट्टीपाशी बसूनच हातानं दिशा दाखवली होती, तेव्हा तू मला सगळ्यांदेखत झापलंस. "उनातून आलंय मानूस. आदी पानी दे, मंग रस्ता सांग." पाण्यामागून चहा जायचा, त्यावर तर आपलं घर चाललं. पण कुणाची जवळची वाट आपल्या अलीकडूनच फुटत असली, तर तू सरळ सांगायचीस, "तुमी मागंच वळायला पायजे हुतं." आलेलं गिऱ्हाईक निघून जायचं. मी चिडायचे आणि तू आपली भजी तळत बसायचीस.

आता सगळ्यांच्या फोनमधली एक बाई वाट सांगते. तिच्यावर मी लई विश्वास टाकला गं. लेकीनं आपलं हॉटेल त्या नकाशावर चढवलं तेव्हा मी पेढे वाटले. हे ठिकाण उघडं आहे का, असं फोन सारखा विचारतो आणि मी इमानदारीत 'हो' दाबते. आणि त्या फोनमधल्या बाईनं काय केलं? सगळ्या गाड्या टेकडीमागच्या नव्या रस्त्याला लावल्या. तिथल्या जाहिरातवाल्या मोठ्या हॉटेलाचं नाव ठळक दिसतं, आपलं मात्र नकाशा बोटांनी ताणताणून शोधावं लागतं. बरं, गाडीवाल्यांचं तरी भलं करते का? गेल्या आठवड्यात एक जोडपं तान्ह्या बाळाला घेऊन माघारी आलं. जवळचा रस्ता म्हणून त्यांना शेताच्या बांधावर नेऊन सोडलेलं. "मावशी, फसवलं हो आम्हाला," तो म्हणाला. मी पाणी दिलं आणि म्हटलं, मलापण. ती नक्की कुणाची चाकरी करते, देव जाणे. विचारणाऱ्याची तर नाही.

रोज उरलेलं दूध घरी नेते. दिवाळीनंतर हॉटेल बंद करावं लागेल असं दिसतंय.

हे लिहून गल्ल्यावरच्या तुझ्या फोटोमागं ठेवणार होते. आता नाही ठेवणार, कारण परवा मीच काय केलं ते सांगायचं राहिलंय. पाथर्डीचं लग्न उरकून लेकीच्या गाडीतून सावेडीला तिच्या घरी निघालो होतो. नव्या रस्त्याच्या फाट्यावर तिनं विचारलं, "आई, आपल्या हॉटेलावरून जायचं का?" दिवसभर उभी होते, पाय ठणकत होते. मी विचारलं, "फोन काय म्हणतो?"

फोन म्हणाला, टेकडीमागचा रस्ता. मी म्हटलं, "चल मग तिकडूनच," आणि तिनं गाडी वळवली.