मला आठवत नाही

३० नोव्हेंबर

ह्यांनी सरपंचाचा फॉर्म भरला! मला न विचारता! बाजारात जाऊन येतो म्हणून सकाळी भुपेंद्रच्या गाडीवर बसून गेले आणि दुपारी गळ्यात हार घालून परत आले. एकोणऐंशीव्या वर्षी नवरदेव! भुपेंद्र मागे उभा राहून दात काढत होता. पोटचा पोरगा, पण त्यानंही आईला आधी सांगितलं नाही. मी शिंगाडे उकडत होते, तशीच उकडत राहिले. मग लोक आले, तेच शिंगाडे त्यांना द्यावे लागले.

दोनदा सरपंच होऊन झालं ह्यांचं. पंधरा वर्षं झाली सोडून. आता पुन्हा काय उरलंय म्हणून विचारलं, तर म्हणाले, “गावानं मनलन.” गाव कोण, तर वरच्या बाजूचे चार लोक.

१ डिसेंबर

समोर योगराज टेंभरे उभा आहे. छत्तीस वर्षांचा. माझ्या हाताखाली तिसरीत होता. हुशार, पण उत्तर येत असलं की हात वर करून करून डोकं उठवायचा.

३ डिसेंबर

पत्रकं छापून आली. त्यावरचा फोटो भुपेंद्रच्या लग्नातला आहे! केस काळे, गाल भरलेले. मी म्हटलं, ह्या माणसाला मत द्यायचं तर शोधायचं कुठं? भुपेंद्र चिडला. त्याला ह्यांचे केसही रंगवायचे होते. हे त्याला मात्र कबूल झाले नाहीत, तेवढं बरं.

निशाणी छत्री.

५ डिसेंबर

योगराजची सभा चौकात झाली. मी घरातून ऐकली, भोंगा आमच्याच दिशेनं तोंड करून बांधला होता. काकाजींचा मान आहे म्हणाला, त्यांच्या पाया पडतो म्हणाला, पण पाच वर्षांनी ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होतील, तेव्हा गावाचं काम घेऊन गोंदियाला चकरा कोण मारेल? लोक हसले. कोणीतरी मागून “बुडगा घरी बसवा” असं ओरडलं.

माझं अंगच पेटलं. मला सरकारनं अठ्ठावन्नाव्या वर्षी शाळेतून घरी पाठवलं. हार, नारळ, एक घड्याळ. पाढे येतात का, पोरं सांभाळता येतात का, कुणी विचारलं नाही. जन्मतारीख बघितली आणि पाठवलं! त्या दिवशीचा राग अजून गेला नाही माझा. माणसाचं काम बघा ना, वय काय बघता?

हे शांत होते. म्हणाले, “सरपंचाले काय रेस धावाची हाय?” हेच वाक्य दुसऱ्या दिवशी सगळ्या गावात फिरणार, मला माहीत आहे.

६ डिसेंबर

फिरलं. दुधवालासुद्धा मला ऐकवून गेला.

७ डिसेंबर

हे फक्त इथंच लिहिते आहे.

काल ह्यांनी भुपेंद्रला दोनदा प्रफुल म्हणून हाक मारली. प्रफुल म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ, जाऊन किती वर्षं झाली. आज चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधला. देवरीला जायचं म्हणून निघाले आणि बसस्टँडवरून परत आले, कशाला जायचं होतं ते आठवेना म्हणाले. हसत सांगत होते. मीही हसले.

चष्मा तर मीही विसरते. कोण विसरत नाही? पण बसस्टँडवरून परत येणं वेगळं. वय बघू नका, असं मी परवा इथंच लिहिलं. घरातल्या माणसाचं वय मात्र मी रोज बघते आहे.

९ डिसेंबर

आज जे केलं ते नीट लिहून काढते, नाहीतर झोप लागणार नाही.

आमच्या तलावात उन्हाळी धानाला साऱ्या गावाला पुरेल एवढं पाणी कधीच नसतं. म्हणून एक वर्ष वरच्या बाजूच्या धानाच्या बांध्यांना, एक वर्ष खालच्या बाजूला, म्हणजे टोलीला. कागद नाही, सही नाही. धान घरी आलं की गाव तलावाच्या पारीवर, मातीच्या बंधाऱ्यावर, बसतं, पंच पारीची माती मुठीत घेतो आणि सांगतो, यंदा अमुक बाजूची पाळी. मग त्यावर कुणी बोलत नाही. पंच म्हणजे हे. मी सून म्हणून आले, त्यानंतर थोड्याच वर्षांत ह्यांच्याकडे ते आलं. ह्यांनी सांगितलं म्हणजे बरोबर, असं सारं गाव मानतं. आमची बांधी वरच्या बाजूला आहे, तरी आजवर कुणी बोट दाखवलं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात पाळी वरच्या बाजूची होती. मध्येच पार झिरपायला लागली, पाणी बंद करावं लागलं, वरच्यांचं अर्धं पीक वाळलं. ते म्हणायला लागले, ही पाळी धरू नका, पुढच्या वर्षी पुन्हा आम्हाला द्या. तेव्हा टोलीतली चमेली उईके आमच्या अंगणात येऊन बसली होती. ह्यांनी तिला शब्द दिला. पाळी धरली, पुढचं वर्ष टोलीचं, काळजी करू नको. मी तिथंच चहा गाळत होते. कप कोणते होते तेही सांगेन.

आज ह्यांनी पारीवर माती मुठीत घेतली आणि म्हणाले, यंदा वरची बाजू.

चमेली उठून उभी राहिली. भांडली नाही. काकाजी, तुम्ही मला शब्द दिला होता, एवढंच म्हणाली. हे तिच्याकडे वळून म्हणाले, “मी? कवा वो?” तोंड अगदी कोरं, नुकत्याच पुसलेल्या पाटीसारखं. ही तर चष्म्याची गोष्ट नव्हती!

तेवढ्यात चमेली माझ्याकडे वळली. “बाई होत्या ना तितं. बाईले पुसा. बाई मनतीन ते मले मंजूर.”

सारी पार माझ्याकडे बघायला लागली. योगराजही होता. खरं सांगितलं असतं तर त्याला भोंग्याची गरजच उरली नसती. भर गावासमोर कळलं असतं की पंचाला स्वतःच दिलेला शब्द आठवत नाही. ह्यांचं त्या पारीवर शेवटचं बसणं झालं असतं.

मी म्हटलं, “मला आठवत नाही. माझंही वय झालं आता.”

आणि सगळ्यांनी लगेच मानलं! एकानंही म्हटलं नाही, की बाईंना सारं आठवतं, बाई शाळेतल्या पोरांच्या बापांचीसुद्धा नावं सांगतील. पांढरे केस बघितले आणि मानलं. कुणीतरी मला बसायला पोतं पुढं केलं.

चमेली खाली बसली.

१० डिसेंबर

ह्यांच्याशी बोलायचं ठरवलं. बोलले नाही.

१२ डिसेंबर

बाजारात चमेली दिसली. मी वळून लाखोरीच्या भाजीवाल्याकडे गेले, तर ती मागोमाग आली. रागात नव्हती, तेच सहन होईना. म्हणाली, पाणी नाही तर पऱ्हे भरून धानाची रोपं तरी कशाला करायची, बियाणं ठेवलं होतं ते आता खाऊन टाकू. ती आणि सून दिव्या संक्रांतीनंतर तेलंगणात मिरची तोडायला जातील. दिव्याचं लेकरू दीड वर्षाचं आहे. त्याला घेऊनच जाणार.

मग जाता जाता म्हणाली, “बाई, तुमी जपा. विसर पडून राहिला तं डाक्टरले दाखवा.”

भाजी न घेताच घरी आले.

१४ डिसेंबर

आज योगराज घरी आला. हे प्रचाराला गेले होते, ते बघूनच आला असणार. आधी पाया पडला. मग सांगितलं की टोलीत लोक बोलायला लागले आहेत, काकाजींनी आपल्या बांधीसाठी पाळी फिरवली. ह्यांना चोर म्हणतात! एवढ्या वर्षांत जे झालं नाही ते आता.

योगराज म्हणाला, “बाई, एकच सांगा. काकाजी विसरले का जानून केले? विसरले असन तं मी सोता टोलीत जाऊन सांगतो का बुडगा चोर नाई.”

काय विचारलं पोरानं! ‘विसरले’ असं मी म्हणाले तर ह्यांची अब्रू वाचते आणि निवडणूक जाते, वर ह्यांचं उरलेलं आयुष्य लोक बोलताना हळूहळू बोलतील, लहान पोराशी बोलावं तसं. गप्प बसले तर निवडणूक राहते आणि हे चोर ठरतात. तिसरीत ह्याला मी प्रश्न विचारायची, आज तो समोर बसून वाट बघत होता.

चहा घे, म्हटलं.

चहा न घेता गेला. जाताना मात्र पुन्हा पाया पडला. त्याच्यावरचा माझा राग थोडा कमी झाला. वयाबद्दल बोलला म्हणून त्याला शिव्या दिल्या मी मनात, पण वय झालेल्या माणसाचं नाव वाचवायला ह्या घरात तोच आला.

१५ डिसेंबर

ह्यांना विचारलं, टोलीकडे प्रचाराला का जात नाही? म्हणाले, थंडी फार असते तिकडं. इकडं कमी असते का?

१६ डिसेंबर

पक्कं ठरवलं. मतदान होऊ दे. आता बोलले तर ह्यांचा धीर सुटेल. कितीही झालं तरी हौसेनं फिरत आहेत, सकाळी उठून स्वतः दाढी करतात, पोरांना ‘छत्री छत्री’ ओरडायला लावून गोळ्या वाटतात. निकालानंतर जवळ बसवून सगळं सांगेन. जिंकले तर शपथेआधीच दोघं मिळून टोलीवर जाऊ. माणूस विसरतो, चूक कबूल केली की लोक माफ करतात. मग गोंदियाला चांगल्या डॉक्टरकडे. भुपेंद्रला काही सांगायचं नाही, तो लगेच तोंड पाडतो.

ह्यांना आठवणार नाही ते मी आठवेन. संसारात नाहीतरी दुसरं काय केलं? सासूबाईंची औषधं, भुपेंद्रच्या फिया, पाहुण्यांची नावं, सारं मीच लक्षात ठेवलं. त्यात आणखी एक, तलावाची पाळी.

पण सरपंचाला निवडून देणाऱ्यांना सांगायला नको का, की डोकं ह्यांचं आणि आठवण बायकोची? योगराजनं भोंग्यावरून विचारलं तेव्हा मी संतापले. आता तोच प्रश्न मी स्वतःला विचारते आहे आणि संताप काही येत नाही. नुसती भीती वाटते.

१८ डिसेंबर

प्रचार संपला. गाव एकदम शांत झालं, कानात अजून भोंगा वाजतो आहे. हे गरम पाण्यात पाय सोडून बसले होते. घोटे सुजले आहेत. मी तेल लावून दिलं. मला म्हणाले, “मास्तरीन, तू होतीस मनून जमलं.” असं कधी बोलत नाहीत. मी मान खाली घालून तेल चोळत राहिले, नाहीतर रडले असते.

२० डिसेंबर

मत दिलं.

मशीनसमोर बराच वेळ उभी राहिले. आतला मास्तर, कुठल्या तरी दुसऱ्या गावचा पोरगा, मला म्हणाला, “आजी, दिसून राहिलं ना? बटन दाबा.” दिसत होतं. दोन्ही निशाण्या स्वच्छ दिसत होत्या.

छत्रीवर बोट ठेवलं. गाव म्हणून विचार केला असता तर ठेवलं नसतं. बायको म्हणून ठेवलं, आणि म्हाताऱ्या, विसराळू, सुजल्या पायांच्या माणसाची कीव आली म्हणून ठेवलं. बाहेर आले तर टोलीतल्या बाया रांगेत होत्या. चमेलीनं मला जागा करून दिली, हात धरून पायरी उतरवली.

२१ डिसेंबर

जिंकले! फार नाही, थोडक्यात. गुलाल, डीजे, ट्रॅक्टरवर मिरवणूक. वरच्या बाजूच्या लोकांनी खांद्यावर घेतलं. मला भीती वाटत होती, पडले तर हाड मोडेल. टोलीत एकही फटाका वाजला नाही. योगराज घरी येऊन ह्यांच्या गळ्यात हार घालून गेला, माझ्याकडे मात्र बघितलं नाही त्यानं.

उद्या सकाळी सांगते. शब्द जुळवून ठेवले आहेत. आवाज चढवायचा नाही, डोळ्यात पाणी आणायचं नाही.

२२ डिसेंबर

चहा देताना सांगितलं. चमेलीला तुम्ही शब्द दिला होता, विसरलात, वयात होतं असं, आपण दोघं टोलीवर जाऊ.

हसले. बशीतला चहा सगळा संपवला आणि म्हणाले, “विसरन कायले? वरच्या बाजूले मतं किती अन् टोलीत किती, तूच सांग. तू तं पारीवर बरोबर बोललीस, मास्तरीन. आठवत नाई! मी तवाच मनलो, हिले समजलं.”

काही झालेलं नाही ह्या माणसाला. चष्मा, बसस्टँड, तेवढं साधं वयाचं. डोकं लख्ख आहे. डॉक्टर नको.

चप्पल घालते आहे. टोलीवर जाऊन चमेलीला सांगते, पऱ्हे भर. मग पारीवर साऱ्या गावासमोर सांगते, मला आठवतं. अंगण, चहा, शब्द, सगळं.