गॅरेजला आतून कडी

प्रिय चिंगे,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकली असशील, कारण आपल्या घरातून पत्र जाणं कधीच बंद झालंय. घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. पण हे फोनवर बोलण्यासारखं नाही. तुझे बाबा माझ्यापासून काहीतरी लपवताहेत आणि ते काय आहे हे तुला ठाऊक आहे, असा मला दाट संशय आहे. तेव्हा पत्र पुरतं वाचून होईपर्यंत त्यांना फोन करू नकोस. एवढी वर्षं संसार केल्यावर हा माणूस मला अजून आपली मानतो की नाही, एवढंच मला कळायला हवंय.

तू म्हणशील, आई संशयीच. आहेच मी. माझी सगळी नोकरी बसमध्ये लोकांची तिकिटं तपासण्यात गेली. जो माणूस खिडकीबाहेर जरा जास्तच मन लावून बघतोय, त्याच्याकडे तिकीट नाही हे मला दारातूनच कळायचं. गेले काही महिने तुझे बाबा तसेच खिडकीबाहेर बघत बसतात. मी काही विचारलं की उत्तर देतात, पण माझ्या तोंडाकडे बघून नाही, कानाच्या बाजूला कुठेतरी बघून. बायकोच्या डोळ्याला डोळा न देणाऱ्या नवऱ्याबद्दल काय समजायचं, ते तूच सांग.

गॅरेजचं तुला थोडंफार माहीत आहे. निवृत्त झाल्यावर लोक फुलझाडं लावतात, पत्ते कुटतात. यांनी लोखंड कुटायला घेतलं. आयुष्यभर टोकदार पेन्सिलीने नकाशे काढलेला माणूस! गाडी बाहेर उन्हात आली आणि तिच्या जागी भट्टी, ऐरण, सांडश्या आणि मोडक्या स्प्रिंगांचा ढीग आला. पहिले पहिले आकडे असे वाकडे व्हायचे की त्यावर टॉवेलसुद्धा टिकायचा नाही. आता गल्लीत एक घर नाही जिथे यांनी ठोकलेला आकडा भिंतीत नाही. लोक बिचारे घेतात, तोंडावर नाही कसं म्हणणार.

भट्टीला वारा घालायचा हातपंखा माझ्याकडे असायचा. खिडकीला पोतं बांधलेलं आणि दिवा लावायचा नाही, हा त्यांचा कडक नियम. उजेडात तापलेल्या लोखंडाचा रंग फसवा दिसतो, म्हणून अंधारात बघायचं आणि त्या रंगावरून ते किती तापलंय हे ओळखायचं. मला दाखवायचे, हा बघ डाळिंबी, आता नारंगी, आता नाही काढलं तर जळेल. लोखंडसुद्धा जळतं हे मला म्हातारपणी कळलं. मी कुरकुर करायची, साडीला कोळसा लागतो म्हणायची, पण एक दिवस कधी चुकवला नाही. मला ते फार आवडायचं, चिंगे. त्यांना मात्र मी हे कधी सांगितलं नाही.

मग थंडीत ते तुझ्याकडे राहायला गेले आणि परत आले ते वेगळेच होऊन. आल्या आल्या विजेचा पंखा आणला. का, तर मला म्हणे, 'तुझा हात दुखतो.' माझा हात कधीच दुखला नव्हता. मग गाडी चालवणं सोडलं, गुडघ्याचं निमित्त करून. त्याच गुडघ्यावर हे ऐरणीपुढे तासन्‌तास उभे! पेपर बंद झाला, रेडिओवर बातम्या सुरू झाल्या. आणि सगळ्यात शेवटी गॅरेजला आतून कडी लागायला लागली. मी चहा नेला की दार वीतभर उघडतं, हात बाहेर येतो, कप आत जातो, पुन्हा कडी.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी गप्प बसले असते. पण चौकातल्या किल्ल्यांच्या दुकानातली बाई आता दुपारी येते. नवरा गेल्यापासून दुकान तीच चालवते. माझ्याहून बरीच लहान, शिडशिडीत, आणि हसते ती गल्लीभर ऐकू जाईल असं. तिला दार सताड उघडतं. ती आत गेली की पुन्हा कडी. कुठल्याही बाईच्या मनात जे येईल तेच माझ्या मनात आलं. ह्या वयात असले विचार करायची लाजही वाटली, पण झोप उडाली ती उडालीच. मी दुपारी गॅरेजपाशी झाडू मारायला लागले. आपलं अंगण इतकं स्वच्छ जन्मात नव्हतं. तुला फोनवर सुचवून बघितलं, तर तू 'आई, काहीही काय' म्हणून लगेच पावसापाण्याचं बोलायला लागलीस. मी खोलीत आले की हे घाईने 'बरं, ठेवतो' म्हणतात, तेही माझ्या लक्षात आलंय. बापलेकीचं गूळपीठ काही मला नवीन नाही.

मागच्या आठवड्यात झाडू मारताना आतून तिचा आवाज आला. "अजून नाही, थांबा. हं, आता नारंगी. काढा." मग घणाचे घाव. मग पुन्हा, "डाळिंबीवर उतरलं. घाला आत." मी झाडू धरून तशीच उभी राहिले. माझे रंग, चिंगे! मला शिकवलेले रंग ह्यांनी त्या बाईला शिकवले होते. तिचा हात धरलेला दिसला असता तरी मला एवढं लागलं नसतं.

दोन दिवसांनी तिच्या गाडीतून दोघं कोळसा आणायला गेले, तेव्हा दुसऱ्या किल्लीने मी गॅरेज उघडलं. काय सापडेल म्हणून गेले होते कोण जाणे. घणाच्या आणि सांडश्यांच्या दांड्यांना पांढऱ्या चिकटपट्ट्या गुंडाळल्या होत्या. बादलीत लोखंडाच्या सळ्यांची टोकं पडली होती, जळून चुरा झालेली, आणि एवढ्या वर्षांत यांनी लोखंड जाळलेलं मी बघितलं नव्हतं. भट्टीच्या कडेला तारेला चुंबक टांगला होता. तुला कळणार नाही, म्हणून सांगते. लोखंड पुरेसं तापलं की त्याला चुंबक चिकटत नाही. ज्यांना रंग ओळखता येत नाही असे नवशिके चुंबक लावून बघतात. यांनी त्यांची किती थट्टा केलीय! डोळे शाबूत असताना चुंबक कशाला, म्हणायचे. तो चुंबक हातात घेऊन मी तिथल्या ओंडक्यावर बसले. ती बाई रंग शिकत नव्हती. ती त्यांना रंग सांगत होती.

मग गाडी, पेपर, माझ्या कानाकडे बघणं, सगळं एका माळेत आलं. तुझ्याकडे ते कशासाठी राहिले होते आणि तू त्यांना कुठल्या डॉक्टरकडे नेलंस, तेही कळलं. मला का सांगितलं नाही, हेही मी ओळखते. मी त्याच दिवशी भट्टी विझवून गॅरेजला कुलूप घातलं असतं. त्यांना तेवढंच एक भय असणार. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी किल्ली हातात घेऊन मी दारात बराच वेळ उभी होते. भाजले, बोट तुटलं, तर? पण घरात नुसतं खिडकीबाहेर बघत बसलेले तुझे बाबा डोळ्यांपुढे आले आणि कुलूप घालायला हात होईना. चुंबक होता तसा टांगला आणि घरात येऊन पोटभर रडले.

तर आता तू मला सगळं लिही. डॉक्टर काय म्हणाले, अजून किती दिसतं, पुढे काय. आणि बाबांना सांग की त्यांनी स्वतःच्या तोंडाने मला सांगावं. मी भट्टी बंद करणार नाही, शब्द देते. फक्त रंग मी सांगणार, ती किल्लीवाली नाही. उत्तर पत्रानेच पाठव. फोन ते ऐकतात, पत्राची मात्र भीती नाही. हे पत्रसुद्धा मी जेवणाच्या टेबलावर त्यांच्यासमोर बसूनच लिहितेय. मनात अजून एक वेडी आशा होती, की माझंच काहीतरी चुकत असेल. म्हणून मघाशी वेगळ्या कागदावर मोठ्या ठळक अक्षरांत लिहिलं, 'मला सगळं कळलंय', आणि त्यांच्या हातात देऊन विचारलं, बघा हो, चिंगीला एवढं लिहिलं तर चालेल ना? त्यांनी कागद नीट धरला, वाचायला लागेल तेवढा वेळ घेतला आणि हसून म्हणाले, "छान लिहिलंयस. माझाही आशीर्वाद लिही." म्हणून त्यांचा आशीर्वाद कळवते.

तुझीच,
आई