दोन पदरी मोजा

घाटनांदूर, सोमवार

चि. शिवानीला आईचा आशीर्वाद.

फोनवर तू रोज विचारतीस, "आई, मी पाठवलेले घट्ट मोजे घालतीस ना?" मी हो म्हणते. घालते, पण तू सांगितलं तसं न्हाई.

तू नर्स हायेस. तू म्हणालतीस, उठल्या उठल्या, पाय सुजायच्या आधी खाटेवरच चढव. पण पोरी, पारोशा अंगाला लागलेलं कापड घालून लिंगपूजा कशी करू? आंघोळ, पूजा, स्वयंपाक होईस्तोवर पाय भरून येतात. मोजा पोटरीवर चढेना, म्हणून वरून दुमडून दोन पदरी केला आन् तसाच घालून रोज दिवसभर दुकानात उभी राहिले. दुमड आवळत गेली, खालचा पाय फुगत गेला.

आता घोट्यावर जखम झालीय. दोन महिने झाले, भरेना. वास येतो, म्हणून गल्ल्यापाशी दिवसभर उदबत्ती जळती. गिऱ्हाईकं म्हणतात, "कावेरीकाकू लई देवभक्त हायेत."

आज हरले. देवाची माफी मागून पारोशीच मोजा ओढला. तो जखमेत अडकला. तोंडात पदर कोंबला, तरी माझं किंचाळणं ऐकून शेजारची धावत आली. तिला म्हणलं, विंचू चावला. पाय काळा पडत चाललाय गं. लई भ्या वाटतंय.

हे पत्र टाकायची हिंमत माझ्यात न्हाई. तू फोन केलास की मी 'बरी हाय' म्हणीन. ते खरं धरू नको. निघून ये.

तुझी खोटारडी आई