जिनातल्या सदतीस बायांची वाढीव मजुरी

मी, शेषराव उकर्डाजी वानखडे, वय एकसष्ट, धंदा पूर्वी सरकी काढायच्या जिनात मुकादमी, राहणार अकोट, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. कोणी धाक घातलेला नाही. तशी कोणाची छातीही नाही.

१. दर्यापूरकडचे माझे दीड एकर वावर, सायकल आणि बैठकीतले घड्याळ पुतण्या देवराव याला द्यावे. घड्याळ दहा मिनिटे मागे चालते, देवरावही तसाच आहे, दोघांचे जमेल. त्याचा डोळा घरावर आहे हे मला माहीत आहे. घर त्याला का नाही, ते त्याने पुढे शांतपणे वाचावे.

२. माझ्यामागे तेरवी करू नये. छप्पन सालच्या दीक्षेपासून आमच्या घरी ते बंद आहे. वंदना घ्यावी आणि आलेल्यांना चहा द्यावा, साखर हात आखडून घालू नये.

३. सन एकोणसाठमध्ये जिनातल्या बायांची किमान मजुरी वाढवावी की नाही, हे पाहायला सरकारी समितीचे साहेब अकोटला आले. मी आदल्या दिवशी बायांना बजावले की मोठी माणसे येत आहेत, नीट नेसून येजा. मुकादमाची इज्जत राहावी एवढाच माझा हेतू होता. सदतीसही बाया लग्नातली लुगडी नेसून, गळ्यात शेजारणीची एकदाणी उसनी घालून आल्या. एक साहेब मालकांना हसून म्हणाले की यांना कसली वाढ हवी. मालकांनी त्यांना दुसरा चहा पाजला. मालकांचे नाव येथे लिहीत नाही, लिहिले तर ते खूश होतील.

माझ्या शहाणपणाने बायांची वाढ बुडत होती. ती वाचवली त्यांच्यातल्याच दुर्गाबाई जानराव इंगळे यांनी. दुसऱ्या सकाळी त्या साऱ्या बायांना घेऊन डाक बंगल्यावर गेल्या. अंगावर फाटकी लुगडी, केसांत रुई. त्या साहेबांना म्हणाल्या, "काल पाव्हने येनार म्हून नेसलो होतो. हे आमचं रोजचं लुगडं हाये. आता लिहा." मी फाटकाजवळ उभा राहून ऐकले. एवढ्या मोठ्या माणसांपुढे इतके सरळ बोलणारे माणूस मी दुसरे पाहिले नाही. रोजाला चार आणे वाढ मिळाली.

४. आता माझा गुन्हा. त्या हंगामात मालकांच्या हुकमाने मी बायांचे अंगठे वाढीव मजुरीवर घ्यायचो आणि लगेच टोपी पुढे धरायचो. वाढीचे चार आणे टोपीत परत पडत. त्यातला एक आणा माझा. घरावरची टिनपत्रे त्याच आण्याची आहेत. हे कोर्टापुढे कधी आले नाही, म्हणून स्वतः लिहीत आहे.

पुढच्या हंगामात मजुरीच्या पहिल्या चुकाऱ्याला दुर्गाबाईंनी अंगठा दिला, पैसे पदराला बांधले आणि म्हणाल्या, "मुकादम, टोपी डोक्यावर ठेवा, ऊन लागून राहिलं." मागच्या छत्तीस जणींनीही पदराला गाठी मारल्या. मालक म्हणाले, बाईला फाटकाबाहेर काढ. मी काढले नाही. महिनाभरात मीच बाहेर झालो. त्या बाईमुळे माझ्या हातून एक काम नीट झाले, याचा मला आजही अभिमान आहे.

५. अकोटचे घर मी दुर्गाबाईंच्या नावे करणार होतो. विचारायला गेलो तर त्या म्हणाल्या, "मले एकटीले काहून? सदतीस जनी होतो आमी. आन् दान नोका लिहू, मजुरी लिहा." सबब माझे घर विकावे आणि प्रत्येकीला त्या हंगामाच्या नव्वद दिवसांची कापलेली मजुरी द्यावी. जी हयात नसेल तिच्या मुलाबाळांना द्यावी. उरेल ते देवरावचे. ही वाटणी दुर्गाबाईंनी स्वतः करावी. त्यांचे जितके रोज त्यात मोडतील, तितक्या रोजांची मजुरी सरकारी दराने आधी वेगळी काढावी.

वकील चिंतामणराव म्हणाले की हिस्सा घेणारा साक्षीदार होत नाही, म्हणून दुर्गाबाईंची सही खाली नाही.

ठिकाण : अकोट. तारीख : ९ फेब्रुवारी १९६५.

(सही) शेषराव उकर्डाजी वानखडे

साक्षीदार :
१. हरिहर वामन देशपांडे, शिक्षक
२. नत्थुजी सखाराम तेलगोटे, शिंपी

दुरुस्ती, त्याच दिवशी, त्याच साक्षीदारांसमक्ष : कागद दुर्गाबाईंना वाचून दाखवला. कलम पाचला थांबवून त्या म्हणाल्या, "नव्वद नाही, त्र्यान्नव. तीन रईवारी बी जिन चालू होतं." बरोबर आहे. नव्वदऐवजी त्र्याण्णव वाचावे.

(सही) शे. उ. वानखडे